माठाशेजारचा डबा

जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून आलेला आवाज ज्याने ऐकला नाही, त्याने तबकडी ऐकलीच नाही. हे वाक्य मी आयुष्यभर घरी आलेल्या पाहुण्यांना ऐकवलं. पाहुणे मान डोलवत. बायको चहाचे कप ठेवता ठेवता म्हणे, "आनि ज्यानी ऐकं, त्यानी घरना पंखा दुरुस्त कया नई."

पंखा खरंच बंद असे. मी साखर कारखान्यात विजेचं काम करायचो, त्यामुळे घरातल्या विजेला कुणी वाली नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी फोनो प्रीअँप बनवला. सुईतून येणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा असतो. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. प्रीअँप आवाज मोठा करतो आणि हा वाकडेपणा सरळ करतो. माझा प्रीअँप जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होता. त्यावर वाजायची ती मुख्यतः एकच तबकडी, बायकोने प्रकाशा गावाहून, माहेरून आणलेली. अहिराणीतली लग्नाची गाणी. दुसऱ्या गाण्यात एक ओरखडा होता. तिथे सुई उडी मारायची आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून बायको एक ओळ म्हणायची. सुरात, आणि हातातलं काम न थांबवता. "तेवढा भाग आमच्याकडे घरातूनच येतो," असं मी पाहुण्यांना सांगे. स्वतः मात्र मी त्या क्षणी सुईचं वजन किती ठेवावं याचा विचार करत असे.

ती गेल्यावर लक्षात आलं की ती ओळ मला येत नाही. चाल आठवत होती. शब्द नाहीत.

तिच्यामागे वर्षभर डब्याला हात लावला नाही. मग एके दिवशी तो सुधारायला म्हणून उघडला आणि दोन ट्रान्झिस्टरचे गंजलेले पाय चिमटीत आले. मुलीने पुण्याहून तयार प्रीअँप पाठवला. आवाज अगदी स्वच्छ, दवाखान्यातल्या फरशीसारखा. सुईने उडी मारली, तिथे मला काही आठवलं नाही. मनाशी ठरवलं की आवाज तोच असला तर ओळ आपसूक जिभेवर येईल. विज्ञान शिकलेल्या माणसाने असं मानू नये, पण मी मानलं.

गोळ्यांच्या जुन्या डबीत अकरा जर्मेनियम ट्रान्झिस्टर शिल्लक होते. ते एकेक करून मीटरला लावले. ही जात हळवी. नुसतं बोट टेकवलं तरी त्या उबेने काटा सरकतो, आणि बंद असतानाही आतून वीज पाझरत राहते. अकरातले चार कामाचे निघाले. फेब्रुवारीत नव्या डब्यात जोडणी पूर्ण झाली. पहाटेच्या गारव्यात आवाज थेट जुना लागला, भरदार, किंचित घोगरा. एप्रिलमध्ये दुपारी मात्र नुसती खरखर आणि तिच्यामागे कुठेतरी बुडालेलं गाणं. "तुमना गानामा भज्या कोन तळी ऱ्हायनं?" असं तिने नक्की विचारलं असतं. आमचं गाणं दुपारचं होतं, भाकरी थापण्याच्या वेळचं. पहाटे ऐकून काय करणार?

मी रेझिस्टर बदलले. कॅपॅसिटर बदलले. वहीची चार पानं गणितांनी भरली. शेवटी जुन्या डब्याचं बूड घासायला घेतलं, तर त्यावर खाऱ्या पाण्याचे पांढरे वळ. गोल, एकात एक, वर्षानुवर्षांचे. तेव्हा आठवलं. मी डबा टेबलावर ठेवायचो आणि ती तो उचलून माठाच्या घडवंचीवर, ओल्या फडक्याला टेकवून ठेवायची. "आठे ऱ्हावू द्या त्याले. त्याले बी ऊन लागस." टेबल मोकळं करायचा तिचा बहाणा आहे, असं मी समजत आलो. पाझरणाऱ्या माठाशेजारी पाझरणारा ट्रान्झिस्टर गार राहतो, हे गणित तिने वहीशिवाय केलं होतं.

नवा डबा माठाशी टेकवला. दुपारी बारा वाजता गाणं पूर्वीसारखं वाजलं. सुईने उडी मारली. स्वयंपाकघर गप्प होतं, आणि माझ्या जिभेवरही काही आलं नाही. ती तबकडी मी त्या दुपारी सात वेळा लावली.

दुसऱ्या दिवशी बसने प्रकाशाला गेलो. तिची मोठी बहीण अंगणात शेंगा फोडत होती. मी सरळ विचारलं, "आक्का, दुसऱ्या गाण्यात सुई उडते तिथली ओळ कोणती?"

"तठे ओळ नई शे, पाव्हणा. तठे बाजा वाजस."

"पण ती तर म्हणायची."

"ती मनथीन जोडे. आमनाकडे लगीनमा जवाईवर गाळी म्हंतस ना, तशी." आक्का हसत सुटली. "तुमलेच माहीत नई? इतला वरीस तुमनाच घरमा म्हने ती!"

"काय म्हणे?"

तिने शेंगेचं टरफल बाजूला टाकलं आणि बहिणीच्याच चालीत म्हटलं:

"जवाई शिकेल शाना, माठ भरता ये ना."

परत येताना बसमध्ये मी, शिकलेल्या शहाण्या जावयाने, ती ओळ इतक्यांदा म्हटली की शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला.

आता ती ओळ मला पाठ आहे. सुई उडी मारते तिथे मी ती म्हणतो. सूर लागत नाही, पण जागा चुकत नाही. डबा गार राहायचा तर माठ भरलेला हवा, म्हणून रोज सकाळी दोन हंडे ओततो.

निम्मं पाणी बाहेर सांडतं.