सड्यावरच्या माणसाची पत्रिका

लग्नपत्रिका तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. रत्नागिरीत माझे छोटे दुकान आहे. अलीकडे येणारी तरुण जोडपी ठरीव वेलबुट्टी मागत नाहीत. दोघांना मिळून जे आवडते ते पत्रिकेवर यावे, अशी त्यांची इच्छा असते. दर रविवारी सायकलवरून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या एका जोडप्याला पत्रिकेवर तो रस्ता हवा होता. नाटकवेड्या दोघांनी पडद्यासारखी उघडणारी पत्रिका करून घेतली. अशा वेळी मी दोघांना समोर बसवतो, पुष्कळ प्रश्न विचारतो आणि त्यांना दाखवल्याशिवाय एक रेघही बदलत नाही. या नियमाचा मला थोडा अभिमान होता.

माझ्या मुलीच्या लग्नात मी तो मोडला.

तिला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी सड्यावर हिंडून कातळशिल्पे शोधण्याचा नाद आहे. जांभ्याच्या उघड्या पठारांवर कोणे एके काळी कोणी प्राणी, मासे, माणसे कोरून ठेवली आहेत. ती गवताखाली, मातीखाली झाकलेली असतात. ही दोघे झाडूने माती सारतात, मापे घेतात, आकृती कागदावर उतरवतात. अशाच एका सड्यावर त्यांची ओळख झाली. तिथे कोरलेला माणूसच पत्रिकेवर हवा, असे मुलीने सांगितले आणि तो दाखवायला ती मला घेऊन गेली.

होणारा जावई बाटलीतले पाणी रेघांवर ओतत गेला, तसा तो माणूस हळूहळू दिसू लागला. फाकलेले पाय, बाहेर वळलेली पावले, अंगालगत सोडलेले हात, रुंद खांदे. खांद्यांच्या वर नुसता कातळ.

"डोकं झिजलं असेल," मी म्हणालो.

"असं हा म्हणतो," मुलगी म्हणाली. "मी म्हणते, कोरलंच नव्हतं. पहिल्या भेटीत आम्ही यावरूनच भांडलो."

"मग जिंकलं कोण?"

"कोणीच नाही, काका," तो हसला. "जे माहीत नाही तिथे रेघ मारायची नाही, एवढं ठरलं नि भांडण मिटलं."

मी ऐकले, आणि तेवढ्यावर सोडून दिले.

माझे रेखाटन टेबलावर पडलेले असताना आबा दुकानात आले. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या भावकीतल्या प्रत्येक पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिले नाव त्यांचे असते, आणि पहिली पत्रिका गावच्या देवीपुढे तेच ठेवतात. चष्मा कपाळावर सारून त्यांनी चित्र जवळ धरले.

"ह्याचं मुंडकं कुठे गेलं रे?"

मी समजावून सांगितले.

"म्हणजे देवीपुढे मी बिनमुंडक्याचा माणूस ठेवायचा? लोक विचारतील, नवऱ्याचं धड तेवढं आलं, डोकं काय मागच्या एसटीने येतंय?" ते स्वतःच हसले आणि हसता हसता थांबले. "शुभकार्य आहे. पुरं कर ते."

"बघतो," मी म्हणालो.

आयुष्यभर मी या शब्दाच्या आडोशाला राहिलो आहे. त्याने कोणी दुखावले जात नाही, असे मला वाटत असे. त्याच दुपारी मी त्या खांद्यांवर एक साधे वर्तुळ ठेवले, बाकीच्या रेघांना शोभेल इतके बेताचे. मुलीला दाखवावे असे मनात आले होते. मग स्वतःला सांगितले, छापूनच दाखवू, तिला आनंद होईल. खरे तर ती नको म्हणेल हे मला ठाऊक होते. सगळे छापून झाल्यावर ती काही बोलणार नाही, यावर मी विसंबलो होतो.

छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा उघडून मुलीने वरची पत्रिका हातात घेतली आणि खांद्यांवरच्या वर्तुळावर बोट ठेवले.

"बाबा, हा कोण?"

"आबा म्हणाले, पुरं कर," मी म्हणालो.

होणारा जावई घाईने म्हणाला, "छान झालंय हो, काका. कागद किती सुरेख आहे."

"कागदाचं नको सांगूस," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज जराही चढला नव्हता. "आबांना नाही म्हणणं तुम्हाला जड गेलं असेल, कळतं मला. पण मला विचारायचंत. मी गेले असते त्यांच्याकडे. ही पत्रिका मी कोणालाच देणार नाही. फोनवरून कळवीन सगळ्यांना."

शाळेत असल्यापासून ती मैत्रिणींना सांगत आली होती की माझ्या लग्नाची पत्रिका माझे बाबा करणार. तेच आता होणार नव्हते. परक्यांच्या मुलींना मी जो मान देतो, तो स्वतःच्या मुलीला दिला नाही. ती समजून घेईल हे मी गृहीत धरले होते. त्या गठ्ठ्यापुढे बसून मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. आबा ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते.

"आबा, डोकं काढून टाकतोय."

"कुणाचं?"

"पत्रिकेवरचं. पोरीला न विचारता घातलं होतं मी."

"मग देवीला कौल लावू. ती सांगेल तसं."

देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावायच्या; उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या घरातले कितीतरी प्रश्न असे सुटले आहेत, आणि दर वेळी माझी बोलण्यातून सुटका झाली आहे.

"नको, आबा," मी म्हणालो. "यात देवीला विचारण्यासारखं काही नाही. जिला विचारायचं होतं, तिने काय ते सांगितलंय."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मग माझं नाव घालू नकोस. लग्नाला येईन, पोरीला आशीर्वाद देईन. नाव नको."

मी त्यांच्या पाया पडलो आणि निघालो.

नव्या मजकुरात निमंत्रकांमध्ये पहिले नाव माझे आले. आबा हयात असताना आमच्या भावकीत असे कधी झाले नव्हते. ते संगणकावर पाहताना मला चोरट्यासारखे वाटले. मी मुलीला दुकानात बोलावून आबांचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. तिचे डोळे भरून आले. तिने खुर्ची ओढली आणि खांद्यांपासून पावलांपर्यंत एकेक रेघ आपल्या मापांच्या कागदाशी ताडून पाहिली.

"छापायला देऊ?" मी विचारले, आणि थांबलो.

"द्या," ती म्हणाली. मग मापांच्या कागदाची घडी घालत, "देवीपुढे ठेवायला मी येते तुमच्याबरोबर."