बगळ्याची कोरी जागा

माझ्या चित्रांच्या वहीवर बघ्यांना कळावं म्हणून मी ठळक अक्षरांत ‘पक्षी’ असं लिहून ठेवलंय. पंचगंगेच्या घाटावर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

परवा सकाळी तिथं एका म्हशीच्या पाठीवर बगळा बसला होता. जलरंगात पांढरा बगळा रंगवत नाहीत. भोवतीचं रंगवतात आणि तेवढा कागद कोरा सोडतात. मी म्हशीची पाठ काळी केली आणि मधे बगळा कोरा राखला. बरा जमला होता.

म्हैस धुणारा तिचा मालक ओल्या हातानं येऊन वहीवर वाकला.

“पावणं, शिंग चुकलंय. आमचीचं पार मागं वळतंय. गावात शिंगावरनं वळखत्यात तिला.”

“मी बगळा काढतोय.”

“काढा की. पर शिंग नीट काढा.”

तो हलेना. मी पाण्यात विरघळणारी पेन्सिल ओली करून शिंग वळवलं. “आणि जरा,” तो म्हणाला. शेवटी काळा पोस्टर कलर घेतला आणि शिंग थेट पाठीपर्यंत ओढलं, बगळ्याच्या कोऱ्या जागेवरूनच. आता तो खूश झाला. त्यानं मोबाइलवर चित्राचा फोटो घेतला, आणि मग त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“बगळा कुठं गेला ह्यातला?”

“उडाला,” मी म्हणालो.

त्यानं मान वळवून म्हशीकडं पाहिलं. बगळा होता तिथंच होता.

“न्हाय, बसलाय की अजून,” तो म्हणाला. “काढा सावकाश.”