फळ्यावरचं पुसशील

खोत सर उदाहरणासाठी कधी राम-श्याम घेत नसत. समोर बसलेल्यांपैकीच कुणाचा तरी बळी द्यायचे. एम.ए.ला भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला माझा नंबर लागला. प्रवेशाच्या दिवशी माझे वडील झिंगत आलेले सरांनी पाहिले होते. नाव न विचारता त्यांनी फक्त गाव विचारलं आणि त्या गावालाच माझं नाव करून फळ्यावर लिहिलं, ‘कोडोलीला वाटतं, तिच्या बापानं दारू सोडली.’

वर्ग खिदळला. सर मात्र गंभीर. “सोडली म्हटलं की आधी पीत हुता, हे न बोलता आलं. पन कुनाच्या लेखी? ‘वाटतं’ म्हटलं की जग सुटलं, मानूस घावलं! बाप पीत हुता का न्हाय, ह्या वाक्यावरनं कळत न्हाय. पोरीच्या डोक्यात मात्र त्यो पिऊन बसलाय.”

तास संपल्यावर मी रडकुंडीला येऊन विचारलं, “सर, पुसू का?”

“फळ्यावरचं पुसशील. डोक्यातलं?” असं म्हणून ते चहाला निघून गेले. तो विषय माझ्या डोक्यात असा पक्का बसला की पुढे मी तोच शिकवू लागले. सरांवरचा रागही तितकाच पक्का बसला.

निवृत्तीनंतर सर अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा राजारामपुरीत त्यांच्या घरी गेले. सर पार वाळले होते. कॅनडातल्या मुलाचा विषय त्यांनीच काढला. “धाव्वीला पट्ट्यानं मारलं म्हनून पोरगं अजून रागावलंय, असं वाटतंय मला. राग निवला की येतंय बघ.”

काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अजून? रागावलतं कवा? मार खाऊन सांजच्याला खेळाय गेलतं. राग धराय आधी मानूस ध्यानात ऱ्हायाय पायजे की! त्येला तुमची आठवनच न्हाय.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात उत्तराची वाट बघायचे तसं. उत्तर त्यांनीच शिकवलेलं होतं. मुलाचा राग होता तो फक्त त्यांच्या डोक्यात. मला आधी बरं वाटलं, मग मीही मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली.

“कोडोली,” ते हळू म्हणाले, “हिला सांग, तेवढं पुसू नको म्हनावं.”

पावसाळा सरता सरता सर गेले. मुलगा आला नाही. त्याचा फोन आला, तो काकूंनी माझ्या हातात दिला. सुट्टी मिळत नाही, दिवसकार्य तुम्हीच उरकून घ्या, असं तो नीट समजावून सांगत होता. आवाजात रागाचा लवलेश नव्हता.