इंद्रभान फोटोवाल्याच्या शर्यती

देऊळघाटच्या इंद्रभानभाऊंनी बुलढाण्यात पन्नासएक वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. आसपासच्या निम्म्या लग्नांचे अल्बम त्यांच्या हातचे. त्याआधी ते दोन वर्षं मद्रासला होते, हे त्यांच्या बायकोखेरीज, म्हणजे अन्नपूर्णाबाईंखेरीज, फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

घरी भेंडी-वांग्यांचा मळा होता, पण विशीतल्या इंद्रभानचं मन त्यात रमेना. मामा मद्रासला रेल्वेत होता. त्याच्याकडे जाऊन तो एका स्टुडिओत कामाला लागला. शहराबाहेर विमानांच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. स्टुडिओच्या मालकाला उन्हात उभं राहवत नसे, म्हणून तो इंद्रभानला पाठवायचा. पहिल्या शर्यतीचा रोल धुतला तर बहुतेक फोटोंत नुसता रस्ता. गाडी केव्हाच पुढे गेलेली. मालकानं बोलून घेतलं. पुढच्या वेळी इंद्रभाननं वेगळंच केलं. गाडी दिसताच कॅमेरा तिच्यावर धरायचा, तिच्यासोबत कंबरेतून वळत जायचं आणि वळता वळताच खटका दाबायचा. आता गाडी स्वच्छ यायची आणि मागची झाडं-माणसं यांच्या नुसत्या रेघा व्हायच्या. त्याला स्वतःला तो फोटो हलल्यासारखा वाटायचा, पण काढताना फार मजा यायची.

वडील आजारी पडले तसा तो गावी परतला. निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात गेल्या आणि लग्नसराई सुरू झाली.

मग मोबाइल आले. स्टुडिओत पासपोर्ट फोटो आणि फ्रेमची कामं तेवढी उरली. मागच्या डार्करूममध्ये अन्नपूर्णाबाईंनी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. अंधार आणि गारवा, लोणच्याला आणखी काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी समोरच डॉक्टर भार्गवी यांनी दातांचा दवाखाना काढला. बसायच्या खोलीसाठी एखादा धबधबा नाहीतर हसरं बाळ फ्रेम करून घ्यावं म्हणून त्या स्टुडिओत आल्या. चित्रं चाळताना काचांच्या मागे त्यांना एक पिवळट फोटो सापडला. सत्तावीस नंबरची रेसची गाडी, चालकाच्या डोळ्यांवर मोठा चष्मा आणि जीभ दातांत धरलेली. इंद्रभानभाऊ म्हणाले की तो हललेला आहे, तसाच न्या. बाईंनी धबधबा राहू दिला आणि तोच भिंतीवर लावला. पेशंट आपली पाळी येईपर्यंत ही गाडी जिंकली असेल की नाही यावर वाद घालू लागले.

एकदा पुण्याचे शेखर नावाचे गृहस्थ लोणारला निघाले होते. वाटेत चिक्की खाताना त्यांच्या दाताची टोपी निघाली आणि ते भार्गवीबाईंकडे आले. त्यांना जुन्या शर्यतींचे फोटो जमवायचा नाद होता. असे फोटो मोठे छापून दिवाणखान्यात लावणारे बरेच शौकीन त्यांच्या ओळखीचे. भिंतीकडे बघून ते दात विसरले. बाईंकडे त्यांनी तो फोटो मागून पाहिला, पण बाईंनी नकार दिला आणि समोरचा स्टुडिओ दाखवला.

बिस्किटांचा डबा उघडला. शेखरनी एकेक निगेटिव्ह उजेडावर धरून पाहिली. मग म्हणाले, "काका, हे हललेले नाहीत. हे असंच काढायला लोक आयुष्यभर शिकतात."

इंद्रभानभाऊंनी चष्मा काढून पुसला आणि चहा सांगितला.

ठरलं असं, की इंद्रभानभाऊंनी स्वतः प्रिंट काढायच्या, प्रत्येक फोटोच्या बाराच, आणि शेखरनी त्या विकायच्या. खाली पेन्सिलीनं नंबर आणि सही. बाराच काऊन, निगेटिव्ह काय झिजते काय, असं त्यांनी विचारलं. थोड्याच असल्या की किंमत राहते, हे शेखरनी समजावलं. बरण्या बाहेर निघाल्या, लाल दिवा लागला. आठवडाभर खोलीत फोटो धुवायच्या हायपोबरोबर मोहरीचाही वास येत होता.

सत्तावीस नंबरच्या गाडीची पहिली प्रिंट वाळली. इंद्रभानभाऊंनी पेन्सिल घेतली आणि खाली तीन लिहिलं. शेखर म्हणाले की इथे एक पाहिजे.

"एक नंबर गेला साहेब," इंद्रभानभाऊ म्हणाले. "त्या दिवशी पुढच्या वळणावर गाडी उलटली. चालवणारा दवाखान्यात पाय बांधून पडला होता, त्याले मी नेऊन देल्ला. त्यानं उशाशी भिंतीले चिकटपट्टीनं लावला. दुसरा डॉक्टरीन बाईजवळ हाय."

शेखरनी सांगून पाहिलं की जुन्या प्रिंट या मोजणीत धरत नाहीत, आणि एक नंबरालाच सगळ्यात जास्त मागणी असते.

"असू द्या. बारा म्हटलं त बारा. देल्लेला फोटो मी न देल्ला कसा म्हणू?"

त्या फोटोच्या दहाच प्रिंट निघाल्या. पुण्यात प्रदर्शन भरलं तेव्हा तीनपासून सुरुवात का, असं प्रत्येक जण विचारी आणि शेखरना ती हकिकत सांगावी लागे. संध्याकाळपर्यंत दहाही गेल्या. इंद्रभानभाऊ नव्या पांढऱ्या शर्टात एका कोपऱ्यात उभे होते. अन्नपूर्णाबाई एकेका फोटोपुढे थांबून सगळं पाहून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली आपल्या लग्नाले, मले काऊन नाई दाखवले हे?" तुले आवडतील असं वाटलं नाही, एवढंच इंद्रभानभाऊ म्हणाले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांतला एक घरासाठी मागून घेतला.

यंदा हिवाळ्यात मोताळ्याकडे शंकरपट भरला, बैलांच्या शर्यतींचा. इंद्रभानभाऊंनी मुंबईहून कुरिअरनं रोल मागवले आणि जुना कॅमेरा गळ्यात घालून धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले. जोडी सुटली, धूळ उडाली, ते कंबरेतून वळले आणि खटका दाबला. दिवसभर तेच. संध्याकाळी कंबर अशी धरली की जीपमधून त्यांना दोघांनी उतरवलं. अन्नपूर्णाबाई बाम चोळताना रागावत होत्या. सकाळी मात्र आठच्या आत ते तयार होऊन बसले, कारण फायनल अजून बाकी होती.