एरंडाच्या पानांतली दहा बोटं

काकी कुणाला "कशी आहेस" म्हणून विचारत नसत. समोर आलेल्या बाईचा हात सरळ आपल्या मांडीवर ओढून घ्यायच्या, पालथा करायच्या, बोटांच्या टोकांकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "बस बाय. आत्ता होतंय. भाकर भाजायच्या आत."

ते भाकरी भाजायच्या आत कधीच झालं नाही. जव्हारच्या आमच्या आळीत करपलेल्या भाकरीचा वास सुटला की काकी आज कुणाच्या घरी बसल्या आहेत, ते न विचारता कळायचं.

काकी मूळच्या खोडाळ्याच्या. यजमान संस्थानच्या पागेत घोड्यांच्या चाकरीला. काकींना नाद एकच, बायकांची नखं रंगवण्याचा. त्याबद्दल त्या कधी काही घेत नसत. बरं, आमच्याकडच्या बायकांची नखं ती काय! भात लावा, नागली दळा, शेण थापा. नख बोटाच्या पुढे डोकावलं की मोडलंच म्हणून समजा. काकींना तेच पसंत. लांब नखाचा त्यांना राग होता. "आखूड नखावर थोडकंच काढायचं," त्या म्हणत. "वालाच्या दाण्याएवढी जागा, तितं काय वरात काढशील?"

बाभळीच्या काट्याने त्या नखावर मेणाचा बारीक ठिपका ठेवत, नाहीतर चंद्रकोर. अंगठ्याला जागा जास्त, म्हणून तिथे नागलीचं कणीस. मग वर वाटलेल्या मेंदीचा गोळा, त्यावर एरंडाचं पान, आणि पानावर दोरा. पान सोडून मेण खरवडलं की नख लाल आणि मेणाखालची कोर पांढरी. घरच्या घरी, एवढंच. पण गंमत पुढेच होती. दहा बोटं बांधलेली बाई म्हणजे काकींच्या हाती सापडलेली बाई. तिला उठता येत नाही, चुलीकडे बघता येत नाही, नाक खाजलं तरी काकींनाच सांगावं लागतं. काकी नाक खाजवून देत, तिच्या पोराला झोपवत, तिच्या कालवणात आपल्या अंदाजाने मीठ घालत. आळीतली एकही सून अशी नव्हती जिच्या घरचं काकींना ठाऊक नव्हतं, कारण बांधलेल्या हातांनी बसलेली बाई बोलल्याशिवाय करणार काय?

एकदा त्यांचे यजमान दुपारी पडले होते. करंगळी समोर दिसली आणि काकींना राहवलं नाही. मेंदीचा रंग धुऊन जात नाही, नख वाढेल तेव्हाच जातो. पुढे कित्येक दिवस तो भला माणूस मूठ मिटून हिंडत होता. पण जमादाराला सलाम करायचा तर मूठ उघडावीच लागते. पागेतल्या लोकांनी त्यांना "चंद्रकोर" म्हणायला सुरुवात केली. घोडे तेवढे बोलत नव्हते.

आता माझ्याकडे येते. माझे वडील संस्थानात कारकून. आदल्या वर्षी एक स्थळ मला बघून परत गेलं होतं. "मुलगी चांगली, पण हात मोलकरणीसारखे," असा निरोप आला. आई आठवडाभर नीट जेवली नाही. मी रोज माझे हात पदराखाली झाकून बसायची. आता नाशिकचं स्थळ येणार होतं, आणि हेही गेलं तर माझं काय, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या तोंडावर होता. शेवटी आईच काकींकडे गेली. काकी म्हणाल्या, "सांजच्याला पावणे ना? सकाळी बांधते, दुपारी सोडते. आत्ता होतंय."

सकाळी माझी बोटं बांधून झाली आणि दारात दमणीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पाहुणे मुक्कामाला मोखाड्यापर्यंत आले होते आणि उन्हाच्या आधी निघाले होते.

"सोडा, आधी ती पानं सोडा!" आई रडवेली झाली.

"आत्ता सोडली तं रंग पिवळा येल," काकी जागच्या हलल्या नाहीत. "पिवळ्या नखाची पोर कोन करील? र्‍हाऊ दे."

तर मी तशीच पाहुण्यांपुढे गेले. दहा हिरवी गाठोडी वर करून वाकले. पोह्यांच्या बशा काकींनी धरल्या आणि मी मागून नुसती चालले. तुम्ही मुली बघण्याचे कार्यक्रम पाहिले असतील. असा नसेल पाहिला.

मुलाची आई भारदस्त. नाकात नथ, कपाळाला आठी. "मुलीच्या बोटांना काय झालंय?" त्यांनी विचारलं.

आई सांगायला पुढे झाली. तेवढ्यात काकींनी बशा खाली ठेवल्या आणि त्या बाईंचा हात आपल्या मांडीवर ओढला.

"कवढी वाढवली ही नखं, वैनी!" काकींनी कनवटीची नराणी काढली.

"अहो, आज शनिवार! शनिवारी नखं कापत नाहीत!"

"तो नाशकातला शनवार. हितं आज बाजार हाय."

आई भिंतीला टेकली. पण बाई हात काढून घेतील तर शपथ. पहिलं नख कापलं, त्यावर मेणाची कोर बसली, तेव्हा त्या नथ सावरून पुढे झुकल्या. थोड्या वेळाने आमच्या माजघरात एकीऐवजी दोघी, एरंडाच्या पानांत बोटं घालून, समोरासमोर बसलो होतो. काकी मध्ये. पोह्याचा एक घास त्यांना, एक घास मला. त्यांचा पदर ढळला तो मी दोन्ही मनगटांनी कसाबसा सारखा केला, आणि त्या खुदकन हसल्या.

"हाताला घट्टे कशाचे गं?" त्यांनी विचारलं.

"नागलीच्या दळणाचे," मी भीत भीत म्हणाले. आता संपलं, असं मला वाटलं.

त्यांनी बांधलेली बोटं वर करून आपला तळवा माझ्यापुढे धरला. "माझेही होते. सासूबाई गेल्या, मग दळणाला बाई ठेवली. बघ, अजून पुसले नाहीत."

ओटीवरून त्यांच्या यजमानांनी हाक दिली, "निघायचं का?" त्या आतूनच म्हणाल्या, "अहो, हिने सोडल्याशिवाय कशी निघू?"

चुलीवर भाकरी करपत होती. कुणी उठलं नाही.

दुपारी पानं सुटली. बाई आपलीच नखं उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. यजमानांनी पुन्हा विचारलं, "आणि मुलीचं काय?"

"मुलीचं काय म्हणजे? ती ठरलीच की!"

वैशाखात लग्न झालं. काकींनी माझी नखं रंगवली आणि सासूबाईंनी न सांगता आपला हात पुढे केला.

दसऱ्याला जव्हारला मोठा थाट असतो. तो बघायचा म्हणून सासूबाई माझ्याबरोबर आल्या. लग्नापासून त्यांनी नखं कापली नव्हती. मला वाटायचं, वार जुळत नसेल. दमणीतून उतरल्या त्या पायही न धुता काकींच्या दाराशी गेल्या. दाराला कडी होती. काकींचे यजमान पागेत गेले होते. मागून आई आली आणि तिने सांगितलं, काकी श्रावणात तापाने गेल्या. घाट पावसाने बंद होता, आम्हाला कळवायची सोय नव्हती.

सासूबाई पायरीवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर पसरले. नखं भलतीच वाढलेली, आणि प्रत्येकाच्या अगदी टोकाशी कोरीचा एक तुकडा शिल्लक होता.

"ती रागावेल म्हणून वाढवली होती," त्या म्हणाल्या. "तिच्याच हातून कापून घ्यायची होती."

मग आम्ही दोघी सासू-सुना त्या बंद दारापुढे बसून पोटभर रडलो. आळीतल्या बायका दारादारांतून बघत होत्या. नाशिकची सासू सुनेच्या माहेरी येऊन तिला घालूनपाडून बोलली, अशी बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली होती.