न पळण्याची शपथ

लेकीला मी शपथ घातली ती शुक्रवारी, पोळ्या लाटताना. पिठाच्या हाताने तिचा हात धरून माझ्या गळ्याला लावला आणि म्हटलं, "उद्या पळणार नाहीस. म्हण."

"आई, सो ड्रामॅटिक!" म्हणाली, पण शपथ घेतली. जन्म ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगचा असला तरी आईच्या शपथेला ती मनातून टरकते, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याचाच मी फायदा घेतला, लपवत नाही.

पोरगी युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीममध्ये ग्रिडायर्न खेळते, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. ती क्वार्टरबॅक. प्रत्येक डावाला बॉल आधी हिच्या हातात येतो. हिने तो लांब फेकायचा, शेजारून धावणाऱ्या मुलीला द्यायचा, नाहीतर स्वतःच घेऊन पळायचं. गेल्या वर्षी पळतानाच गुडघा गेला. ऑपरेशन झालं, फिजिओ झाली, डॉक्टरांनी खेळायला परवानगीही दिली. मी दिली नव्हती. तिला महिनोन् महिने कठड्याला धरून जिना चढताना मी बघितलंय, डॉक्टरांनी नाही.

शनिवारी सेमीफायनल होती. हरलो तर सीझन संपला. सुरुवात बरी झाली. मग समोरच्या एका धिप्पाड मुलीच्या लक्षात आलं. "शी'ज नॉट रनिंग!" ती ओरडली आणि त्यांचा खेळच बदलला. आमची पळाली तर अडवायला म्हणून आतापर्यंत त्यांची एक जण राखून ठेवलेली असायची. ती आता मोकळी झाली. बॉल दुसरीला दिला की तिच्यावर दोघी-दोघी तुटून पडायच्या, आणि आमची फेकायला उभी राहिली की उरलेल्या थेट तिच्या अंगावर.

हाफटाइमला ती मैदानाकडेच्या दोरीपाशी, माझ्याजवळ आली. हेल्मेट काखेत, हनुवटी खरचटलेली.

"आई, सुटली म्हण."

ज्याने शपथ घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं असतं, हे लहानपणी मीच तिला शिकवलेलं.

"नाही."

वाद घालेल असं वाटलं होतं. "ओके," म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या क्वार्टरला तिला मागून पाडलं. मग पुन्हा. दुसऱ्यांदा उठायला वेळ लागला. शेजारी उभा असलेला नवरा एकदम चिडून म्हणाला, "पळत नाही म्हणून सेफ आहे का ती? एका जागी उभी राहते म्हणूनच मार खातेय. तू तिला बांधून ठेवलंयस!" मला त्याचा राग आला. खरं बोलला म्हणून जास्तच आला.

दोरीच्या कडेने धावत मी आमच्या टीमच्या बाकापर्यंत गेले आणि जीव खाऊन ओरडले, "सुटली! सुटली!" कोचला वाटलं मी चिअर करतेय; त्याने अंगठा दाखवला. लेकीने वळून पाहिलं आणि मान डोलावली.

पुढच्याच डावात ती बॉल पोटाशी धरल्यासारखं करून उजवीकडे पळाली. तिघी तिच्यामागे. बॉल तिच्याकडे नव्हताच. तो घेऊन दुसरी मुलगी डावीकडून अर्धं मैदान पार करून गेली. त्यानंतर समोरच्या पुन्हा बिचकून खेळू लागल्या आणि हिला फेकायला वेळ मिळू लागला. मला हायसं वाटलं. ती पळेल या नुसत्या धाकाने काम होतंय, खरं पळायची गरजच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही चार पॉइंटनी मागे होतो. फेकायला कुणी मोकळं दिसेना. तिने बॉल काखेत मारला आणि पळत सुटली, माझ्याच बाजूच्या रेषेने, त्याच गुडघ्यावर. समोरून ती धिप्पाड मुलगी येत होती. रेषेबाहेर पाऊल टाकलं असतं तर हिला कुणी हात लावला नसता.

"बाहेर ये!" मी किंचाळले. "बाळा, बाहेर ये!"

ती माझ्यापासून दोन हातांवर होती. आत वळली. दोघी आदळल्या आणि टोकाच्या रेषेपलीकडे पडल्या. पंचांनी दोन्ही हात वर केले, म्हणजे सहा पॉइंट; आम्ही जिंकलो, सगळे नाचायला लागले. मी फक्त गुडघा बघत होते. तो वाकला, सरळ झाला, ती उभी राहिली.

घरी जाताना गाडीत मी विचारलं, "मी ओरडले ते तुला ऐकू नाही आलं?"

"आलं ना," ती म्हणाली.