म्हस्कूने स्वतःला लांब बांधलं

निरगुडसरचा म्हस्कू माझा शाळासोबती. मी वाणिज्य शिकून पतसंस्थेत लागलो, तो वडिलांच्या मेंढरांमागे गेला. कळपात देवीची साथ आली, की आजारी मेंढरू तो त्याच दिवशी लांब नेऊन बांधायचा. त्यात त्याने कधी हयगय केली नाही.

गेल्या वर्षी त्याचं जेवण तुटलं. पोटात दुर्बीण घालून तुकडा काढला, तो पुण्याला तपासला. जठराचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "गाठीत विषाणूही सापडलाय. पण रोग पसरलेला नाही. लगेच ऑपरेशन करू."

म्हस्कूने विषाणू तेवढा ऐकला. करोनापासून हा शब्द गावात सगळ्यांना ठाऊक. घरी येऊन त्याने अंथरूण उचललं आणि मळ्यातल्या छपरात जाऊन राहिला. ऑपरेशनचं नाव काढलं, की "बघू" म्हणायचा.

बायको भिमाबाई भाकरी घेऊन गेली, तरी तो लांबूनच "ठेव तिथं" म्हणे.

"म्हातारपनी रुसलाय व्हय?"

"रुसाय मी काय नवी नवरी हाय?"

ती तिथे हसायची आणि घरी येऊन रडायची.

दिवाळीनंतर मी मळ्यात गेलो होतो. नात अक्षदा त्याच्याकडे धावली, तर त्याने काठी उगारली. पोरगी रडत पळाली. मी रागावलो, तशी त्याने काठी खाली टाकली.

"राव, माझा रोग लागनारा हाय. दवाखान्यात तरी कसा जाऊ? तिथं बी मानसंच की."

दुसऱ्या दिवशी मी त्याला आणि भिमाबाईला डॉक्टरांकडे नेलं.

"आजोबा, हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून असतो, माझ्याही असेल. एखाद्यालाच त्यातून असा आजार होतो. कॅन्सर काही एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

"म्हंजी पोरीला व्हनार न्हाई?"

"तुमच्यामुळे नाही."

म्हस्कू हसला. स्वतःचं त्याने काहीच विचारलं नाही. नव्या तपासणीत रोग यकृतात गेलेला दिसला. ऑपरेशनची वेळ टळली होती. अंगातली प्रतिकारशक्ती जागवणारं औषध सलाईनमधून सुरू झालं. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ते काहींना चांगलं लागू पडतं. त्यालाही काही महिने उतार पडला, अक्षदाला मांडीवर घेऊन तो ओसरीवर बसू लागला. वैशाखात गेला.

दहाव्याला भिमाबाई मला म्हणाली, "भाऊ, ह्यांनी मला सांगितलं असतं, तर मी त्याच छपरात जाऊन बसले असते. लागायचा तर लागू द्या, म्हनले असते. मंग मला दवाखान्यात न्यायला तरी हे आले असते."